आकडीच्या टोकावरचा राउटर

हरणाबाईंनी राउटर हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, “ह्येचं वजान किती?”

आष्ट्यात एसटी स्टँडच्या मागं माझं दुकान आहे. मोबाइल दुरुस्ती, कॅमेरे, घरोघरी वायफायची जोडणी, असं सगळं मी करते. इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा केलाय. आमच्या घरात ऊस सोडून दुसरं काही विकणारी मी पहिलीच. तीन वर्षांत लोकांनी राउटरबद्दल मला शेकडो प्रश्न विचारले. स्पीड किती, गॅरंटी किती, शेजाऱ्याला फुकट मिळणार नाही ना. वजन कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारीतला मंगळवार होता. सकाळी दहाच्या सुमारास दोघी दुकानात आल्या. एक पन्नाशीच्या पुढची, काष्टा घातलेली, हातात चांदीची जाड कडी, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं. दुसरी एकोणीस-वीस वर्षांची, पंजाबी ड्रेसमधली, पाठीला कॉलेजची सॅक. मोठ्या बाईंनी दुकान एकदा डावीकडून उजवीकडं नजरेखालून घातलं आणि विचारलं, “हंबीरराव तुजा चुलता न्हवं?”

“हो.”

“त्येंच्या रानात हाय आमचा तळ. त्येनीच धाडलं. म्हणलं, आमची अंकिता इंजनेर हाय, ती करील कायतरी.”

“इंजिनिअर नाही मावशी. डिप्लोमा आहे.”

“त्येच की,” म्हणत त्या स्टुलावर बसल्या.

ज्यांना आमच्याकडची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळी झाली की आटपाडी, जत, माण अशा कमी पावसाच्या भागातून मेंढपाळ आमच्या बागायती पट्ट्यात उतरतात. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी मिळते. दोन-चार रात्री झाल्या की तळ उचलायचा आणि पुढच्या रानात टाकायचा. सगळा संसार घोड्यावर. पुरुष सकाळी मेंढरं घेऊन माळाला जातात. मागं तळावर राहतात त्या बाया. तळ हलवणं, घोडी लादणं, जाळ्या ठोकणं, कोकरं सांभाळणं, स्वयंपाक, हे सगळं त्यांचं. आमच्या गावात लोक म्हणतात, अमक्याच्या रानात कोंडीबाची मेंढरं बसलीत. कोंडीबा म्हणजे हरणाबाईंचे मालक. पण कुठल्या रानात बसायचं आणि कधी उठायचं हे तेवीस वर्षं हरणाबाई ठरवत आल्यात, हे मला नंतर कळलं.

बरोबर आलेली समीक्षा ही त्यांची धाकटी मुलगी. बारावी सायन्स झालेली. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी एका संस्थेच्या मोफत ऑनलाइन वर्गात तिची निवड झाली होती. वर्ग रोज चार ते सहा, रविवार सोडून. वर्गात जागा कमी आणि वाट बघणाऱ्या मुली जास्त, म्हणून एकच कडक नियम. ओळीनं तीन दिवस गैरहजर राहिलं की नाव कमी.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“शनिवार आणि काल,” समीक्षा म्हणाली. “आज तिसरा.”

घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“गावाकडं राहून करता आलं नसतं का?”

समीक्षानं आईकडं बघितलं. हरणाबाई म्हणाल्या, “सून बाळंत झालीया. ती अन् पोरगा गावाकडं. तळावर दोन बाया लागत्यात, पोरी. एकीनं घोडं धराय, एकीनं लादाय. ही गावाकडं ऱ्हायली तर निम्मी मेंढरं दुसऱ्याच्या तळात घालाय लागत्यात. ही म्हणली, आई मी येती. मी म्हणलं, येतीस तर तुजा वर्ग बुडू देनार न्हाई. मी बोलून बसलीया. आता तुज्या मशीनचं बोल.”

मी आधी स्वस्तातला उपाय सांगितला. “मावशी, राउटर कशाला? फोनचं हॉटस्पॉट लावा. एका फोनचं नेट दुसऱ्याला मिळतं.”

“आबांचा फोन मेंढरांमागं जातो ताई,” समीक्षा म्हणाली. “राहिला माझा. त्यावरच रेंज शोधायची आणि त्यावरच वर्ग बघायचा.”

“अन् रेंज झाडावर,” हरणाबाई म्हणाल्या. “पलूसला ही लिंबावर चढून बसायची. दोन-दोन तास. खालनं जाणारं हरेक माणूस वर बघून इचारायचं, पोरगी रुसलीया का.”

“आई.”

“मग खोटं हाय? एक हात फांदीला, एका हातात फोन. लिवायचं कशानं, दातानं?”

इथं काकांच्या रानात तर चढायला झाडही नव्हतं.

मी काउंटरवर तीन राउटर मांडले. खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे, आत सिमकार्ड घालायचे. प्रवासात माणसं नेतात तसले. पहिला सगळ्यात स्वस्त, पण एकाच कंपनीच्या कार्डावर चालणारा. समजावून सांगितलं तसा हरणाबाईंनी तो बोटानं बाजूला सारला.

“एका दाव्याला बांधलेलं जनावर आमच्या काय कामाचं? इट्याच्या माळावर समीक्षाचं कार्ड चालतं. पलूसच्या पुढं मालकाचं. कराडच्या अंगाला गेलं की ह्यातलं येकबी न्हाई, मल्हारचं चालतं.” मल्हार म्हणजे गावाकडं राहिलेला मुलगा. त्यांनी कमरेची चंची सोडली. पान-सुपारीच्या कप्प्यातून एका कागदी पुडीत बांधलेली दोन कार्डं निघाली. “ह्ये मल्हारचं, ह्ये मालकाचं जुनं. दोनीवर पैसं टाकल्यात.”

मी चकित झाले. टॉवर कुठं कुठल्या कंपनीचा आहे याचा नकाशा मी कॉम्प्युटरवर बघते. ह्या बाईला तो तोंडपाठ होता, फक्त कंपन्यांना तिनं घरातल्या माणसांची नावं दिली होती. पुढच्या तळाची जागा बघायला त्या एक दिवस आधी एकट्याच चालत जातात. पूर्वी पाणी बघायच्या, कुत्री बघायच्या, रानमालकाचा स्वभाव बघायच्या. यंदापासून समीक्षाचा फोन बरोबर नेतात आणि वर किती दांड्या दिसतात तेही बघतात. अक्षर येत नाही, पण दांड्या मोजता येतात.

राहिले दोन. एक मोठा. चांगल्या विटेच्या निम्म्या आकाराचा, दोन अँटेना, बॅटरी दोन दिवस टिकणारी. दुसरा तळहाताएवढा, कुठलंही कार्ड घेणारा, पण अँटेना आतच आणि बॅटरी सात-आठ तासांची.

मी ठाम होते. “हा मोठा घ्या. रेंज कमी असेल तिथं हाच ओढून घेईल. आणि चार्जिंगची कटकट नाही.”

तेव्हा त्यांनी दोन्ही उचलले. एका तळहातावर मोठा, दुसऱ्यावर लहान. डोळे मिटले आणि हात जरासे वर-खाली केले, मग ते वजनाचं विचारलं.

“मोठा साधारण साडेचारशे ग्रॅम. लहान शंभरच्या आतबाहेर.”

“पाच पट,” त्या म्हणाल्या. “वाटलंच. उन्हात तापतंय का?”

“कडक उन्हात तापून बंद पडू शकतो. कापडात ठेवा, पण हवा लागू द्या.”

“अन् ह्येच्यापासनं फोन किती लांब ठेवला तर चालतंय?”

“वीस-पंचवीस हात सहज. मधे भिंत नसली तर जास्तच.”

“मधी काय नसतंय,” त्या म्हणाल्या आणि लहान राउटर माझ्यापुढं सरकवला. “ह्यो.”

मला वाटलं, घोड्यावरच्या ओझ्याचा विचार चाललाय. समीक्षानं मला आधीच सांगितलं होतं, आई घोड्याच्या दोन्ही बाजूंची गाठोडी हातानं तोलून सारखी करते, पावशेराचा फरक पडला तरी गाठ सोडून पुन्हा बांधते, नाहीतर घोड्याची पाठ सोलते. मी म्हणाले, “मावशी, घोड्याला त्या तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा काय फरक पडतो?”

“घोड्याला न्हाई पडत,” त्या म्हणाल्या. मग कुणाला पडतो, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणजे त्याला कळत नाही, असं धरून चालायची मला तेव्हा सवय होती.

मी कोंडीबांचं जुनं कार्ड आत घातलं. दुकानात चार दांड्या आल्या. समीक्षाच्या फोनवर एक व्हिडिओ लावून दाखवला, कुठं अडकला नाही. तासभर चार्जिंग करून दिलं. दोघी साडेअकराला निघून गेल्या आणि मी एका कॅमेऱ्याची वायर कापायला बसले.

पाऊण वाजता समीक्षाचा फोन आला. आवाज तुटत होता. “ताई, मी रस्त्यावर येऊन बोलतेय. रानात नेट येत नाही. एक दांडी येते आणि जाते. तिन्ही कार्डं घालून बघितली.”

“दुकानात तर चार होत्या.”

“दुकानात होत्या,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळं मला जास्तच लागलं.

मी हातातलं काम उरकलं, शटर ओढलं, मोठा राउटर डिकीत टाकला आणि स्कूटी काढली. मनात म्हणत होते, मी आधीच सांगितलं होतं. काकांचं रान चार किलोमीटरवर, नदीच्या अंगाला. डांबरी सोडून पाणंदीला लागले आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. उभा, हिरवागार, माझ्या डोक्यावर सात-आठ फूट. फोन बघितला. चाराच्या दोन, दोनाची एक. रानाच्या तोंडाशी पोचेपर्यंत तीही गेली.

तिथं स्कूटीवर बसल्या बसल्याच मला माझी चूक कळली. हिरवा ऊस म्हणजे पाण्यानं भरलेले हजारो खांब. ओला झाडोरा रेंज पितो, हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. परीक्षेत त्यावर आकृती काढून पाच गुणही मिळवले होते. उसात जन्मले, उसात खेळले, आणि राउटर विकताना तुम्ही उसात राहणार आहात एवढं विचारायचं मला सुचलं नाही. काकांचं दोन एकर तुटलं होतं, पण चारी बाजूंचा ऊस अजून उभा होता. तळ म्हणजे विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा.

मधे मोकळ्यावर, उसाच्या वाळक्या पाचटावर, तीन दगडांची चूल, घडी केलेली घोंगडी, दोन घोडी. जाळीच्या आत पंधरा-वीस कोकरं. समीक्षा एका पत्र्याच्या पेटीवर फोन ठेवून बसली होती. शेजारी लहान राउटर, दिवा लाल.

“आई कुठंय?”

“आकडी आणायला गेलीय. आबांकडं. माळावर.”

आकडी म्हणजे लांबलचक बांबू, टोकाला आत वळलेलं लोखंडी पातं. मेंढपाळ त्यानं बाभळीच्या उंच फांद्या तोडून मेंढरांना पाला पाडतात.

“आत्ता आकडी कशाला?”

“माहीत नाही. नेट येत नाही म्हटल्यावर आई म्हणाली, येणार नाहीच इथं, वर न्यावं लागंल. आणि बघते तर आबा आकडी घेऊन गेलेले. सकाळी नेऊ नका म्हटलं होतं तिनं. कोकरांना पाज, मी आली एवढ्यात, असं म्हणून गेली. जाऊन-येऊन दोन कोस.”

सव्वादोन वाजले होते. वाट बघण्यापेक्षा मी मोठा राउटर काढला. कार्ड घातलं. एक दांडी आली, दुसरी आली, समीक्षाचा चेहरा उजळला. व्हिडिओ लावला. गोल फिरणारं चक्र आलं आणि फिरतच राहिलं. मी अँटेना वाकवल्या, पेटीवर पेटी ठेवली, घोड्याच्या पाठीवर ठेवून बघितलं. घोड्यानं मान वळवून मला बघून घेतलं. बांधावर गेले, खाली आले. सव्वातीनपर्यंत मी त्या दोन एकरात इतकी फिरले की समीक्षा शेवटी म्हणाली, “ताई, तुम्ही बसा. पाणी घ्या.”

“तुला काळजी वाटत नाही का?”

तिनं जरा विचार केला. “वाटते. पण आई म्हणालीय.”

तीन पस्तीसला बांधावर पहिल्यांदा बांबूचं टोक दिसलं. उसाच्या तुऱ्यांवरनं एक पातं चमकत चमकत येत होतं. मग पाणंदीच्या तोंडाशी हरणाबाई दिसल्या. खांद्याला उभी टेकवलेली अठरा फुटी आकडी, काष्टा गुडघ्यापर्यंत, कपाळावर घाम, चाल मात्र सकाळी दुकानात आल्या होत्या तशीच.

“आलीस व्हय,” मला म्हणाल्या. “बरं झालं. ती पहार दे.”

आकडी आडवी टाकून त्यांनी टोकाचं पातं दगडानं ठोकून काढलं. मी मोठा राउटर पुढं केला. “मावशी, वरच लावायचं असेल तर हा लावा. खाली ह्याला दोन दांड्या आल्यात. वर चार येतील.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, घड्याळाकडं नाही. “बरं. तुजा आधी लावू.”

त्यांनी पहारीनं हातभर खड्डा घेतला. राउटर टोकाला बांधला आणि तिघींनी मिळून आकडी उभी केली. बांबूचं टोक बोटाएवढं बारीक. ते वाकलं. वाऱ्याची झुळूक आली तसा राउटर अर्ध्या वर्तुळात झुलला, आकडी एका अंगाला कलली आणि माझे साडेचारशे ग्रॅम सावकाश शेजारच्या उसात जाऊन बसले.

मी उसात शिरून तो सोडवून आणला. पाचटानं हात कापले.

“घोड्याला न्हाई पडत फरक,” हरणाबाई म्हणाल्या. “आकडीला पडतोय.”

तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटं.

पुढचं सगळं त्यांनी असं केलं, की जणू दर दोन दिवसांनी हेच करत आल्यात. कोंडीबांचा एक जुना पांढरा पटका काढला, त्याची वीतभर पट्टी फाडली. तिच्यात लहान राउटर झोळीसारखा घातला, वर-खाली हवा खेळेल अशा दोन फटी ठेवल्या. चालता चालता चातीवर कातलेल्या लोकरीच्या दोरीनं तो टोकाला बांधला. गाठ मी बघत होते, तरी मला परत घालता येणार नाही. मग जाळ्यांच्या तीन दोऱ्या बांबूच्या मधल्या पेऱ्याला बांधल्या. आकडी उभी केली, बुडाशी दगड ठोकले, तिन्ही दोऱ्या तीन दिशांना ताणून मेखांना आवळल्या. बांबू ताठ उभा राहिला, उसाच्या तुऱ्यांपेक्षा चार-पाच फूट उंच.

आमच्या पुस्तकात ताणाच्या दोऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यावर एक सबंध धडा होता. दोऱ्या किती अंशात असाव्यात त्याचं गणित होतं. मी नंतर मोबाइलवर कोन मोजून बघितला. बरोबर होता.

“बघ गं,” हरणाबाई म्हणाल्या.

समीक्षानं फोन उघडला. कुणाचं लक्ष वर, कुणाचं खाली. पांढऱ्या झोळीतून दिवा दिसत नव्हता. फोनवर वायफायची खूण आली. मग तिनं वर्गाची लिंक दाबली. चक्र फिरलं.

“कुणाचं कार्ड हाय आत?” हरणाबाईंनी विचारलं.

“आबांचं.”

“मग येनार. ह्या अंगाला त्येंचंच चालतंय.”

चक्र थांबलं. पडद्यावर एक बाई दिसल्या, मागं पांढरा फळा. आवाज स्वच्छ आला. “... चला, हजेरी घेऊ. कॅमेरे चालू करा सगळ्यांनी.” तीन अठ्ठावन्न झाले होते. समीक्षानं ओढणी सारखी केली, पेटीवर वही उघडली आणि दोन्ही हात मोकळे आहेत हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखं हातांकडं बघितलं. नाव आल्यावर ती म्हणाली, “हजर, मॅडम.”

“समीक्षा, दोन दिवस कुठं होतीस?”

“उसात होते, मॅडम.”

हरणाबाई तोवर कोकरांकडं वळल्या होत्या. एकाला उचलून त्याच्या पोटाला हात लावून बघत होत्या, पाजलंय की नाही. मी त्यांच्याजवळ गेले.

“मावशी, दुकानातच सांगायचं की. मी कशाला वाद घातला असता.”

“तू घातलाच असतास,” त्या म्हणाल्या. “शिकलेल्या मानसाला करूनच दावावं लागतंय. आमच्या मालकांचंबी तसंच, फकस्त ती शिकलेली न्हाईत.”

मालक साडेपाचला आले. आधी कुत्री, मग दोनशे मेंढरं पाणंदीतून रानात ओतली गेली, मग कोंडीबा. तांबूस धुळीनं भरलेले, खांद्यावर घोंगडं. त्यांनी आकडीकडं बघितलं, टोकाच्या पांढऱ्या झोळीकडं बघितलं आणि विचारलं, “त्यो माजा पटका हाय का?”

“हुता,” हरणाबाई म्हणाल्या.

“आकडी कवा मिळायची?”

“सा वाजता. वर्ग सुटल्यावर.”

“म्हंजे आता रोज चार ते सा मेंढरं उपाशी.”

“सकाळी पाडा पाला. हात काय दुपारनंच हलत्यात व्हय? न्हाईतर दुसरी आकडी करा. तीस वरीस झाली एकाच आकडीवर संसार चाललाय.”

कोंडीबा माझ्याकडं वळून म्हणाले, “बघितलंस पोरी. ह्या बाईनं आमच्या तळावर टॉवर हुबा केला, अन् भाडं मला पालापाचुळ्यात भराय लावलंय.” पण समीक्षा ‘श्श’ म्हणाली तसे लगेच गप्प झाले, चपला काढून लांबच बसले आणि सहा वाजेपर्यंत कुत्र्यालाही भुंकू दिलं नाही.

दोन दिवसांनी तळ उठला. मोठा राउटर मी परत आणला, त्याच्या एका अँटेनाला उसाचा तुरा अडकलेला तसाच होता. त्यानंतर हरणाबाईंचा मला अधूनमधून फोन यायचा. फोन म्हणजे हिशोबी, एका मुद्द्याचा. “कराडच्या अंगाला हाय. मल्हारचं कार्ड घातलं. चालतंय.” किंवा, “हितला ऊस समदा तुटलाय. आकडी लागत न्हाई. पेटीवर ठेवलं तरी पळतंय.” एकदा, “वानरानं झोळी ओढली. गाठ सुटली न्हाई.” ती गाठ सुटणार नाही हे मला माहीतच होतं. वळवाचा पहिला वारा सुटायच्या आत त्या गावाकडं वळल्या. सबंध मोसमात तेहतीस तळ झाले. वर्गाचे आणखी दोन दिवस बुडाले, तेही ओळीनं नाहीत.

दरम्यान माझ्या दुकानात काष्टा घातलेल्या बाया येऊ लागल्या. एकदा अंबूबाई म्हणून कुणी माणकडच्या, एकदा रंगुबाई आणि तिच्या दोन जावा. काउंटरवर राउटर ठेवला की उचलायच्या, डोळे मिटायच्या, हात वर-खाली करायच्या. मी आता किराणा दुकानातला छोटा वजनकाटा आणून ठेवलाय. त्यांना तो लागत नाही. मला लागतो, कारण मी प्रत्येक राउटरचं वजन खोक्यावर पेननं लिहिते, आणि गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते, “तुम्ही राहणार कुठं?”

परवा दिवाळीनंतरच्या आठवड्यात हंबीररावकाकांचा निरोप आला, मेंढरं बसलीत. मी दुकान लवकर बंद करून गेले. ह्या खेपेलाही वाळव्याकडचा ऊस तोडायला उशीर झालाय, त्यामुळं तळाच्या तीन बाजूंना उसाची भिंत उभी होती. लांबूनच उसाच्या वर मला पांढरी झोळी दिसली. बांबू नवा होता. कोंडीबांनी शेवटी दुसरी आकडी केली होती.

तळावर हरणाबाई आणि सूनबाई होत्या. सूनबाईंचं बाळ झोळीत. समीक्षा नव्हती. ती ऑगस्टपासून सांगलीत आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर.

“राउटर तिला द्यायचा ना मावशी,” मी मुद्दाम म्हणाले.

“तिला कशाला? हॉस्टेलात हाय म्हणं फुकटचं.” त्यांनी हातातलं कोकरू खाली सोडलं. “कितीक वाजलं?”

“चारला पाच कमी.”

त्यांनी हात धुतले, पदरानं चेहरा पुसला आणि त्या पत्र्याच्या पेटीपुढं जाऊन बसल्या. पेटीवर एक नवा फोन उभा केलेला होता, मागं ज्वारीच्या पिशवीचा टेकू.

“चारला तिचं कालेज सुटतंय,” त्या म्हणाल्या. “तू बी बस. आज तिला सुई टोचाय शिकवनार हुते. कुनाला टोचली त्ये इचारायचं हाय.”

मी त्यांच्या शेजारी पाचटावर बसले. त्यांनी फोनच्या वरच्या दांड्या बोटानं मोजल्या. चार. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पडद्याकडं बघत राहिल्या.